शेठचा डावा डोळा

आमच्या शेठचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान होता. कारखान्यात एवढी माणसं त्यांना रोज बघायची, पण ही गोष्ट पहिल्यांदा माझ्या बाबांच्या लक्षात आली, आणि बाबांना याचा जरा जास्तच अभिमान होता. आईला तो मुळीच नव्हता. "लोकांच्या डोळ्यांत काय बघत बसता, घरातलं पीठ संपलंय ते बघा," असं ती म्हणायची.

शेठ म्हणजे बाबा ज्या पंपांच्या कारखान्यात कामाला होते, त्याचे मालक. कारखाना आग्रा रोडवर, भांडुप आणि मुलुंडच्या मधे. आम्ही भांडुपच्या टेकडीवर एका चाळीत राहायचो. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. चाळीतली जवळजवळ सगळी बिऱ्हाडं मालवण-कुडाळकडची आणि जवळजवळ सगळे पुरुष त्याच कारखान्यात. सकाळचा भोंगा झाला की अख्खी चाळ पायऱ्या उतरून खाली जायची आणि संध्याकाळी तीच चाळ धापा टाकत वर यायची.

बाबा तिथे पेंटर होते. पंपांवर बाण आणि नंबर मारायचे, भिंतींवर 'सुरक्षितता प्रथम' लिहायचं, खोक्यांवर गावांची नावं घालायची, हे त्यांचं काम. पण त्यांचा हात तयार झाला होता तो गावाला. तिथे त्यांच्या मामांची गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आणि तिथल्या सगळ्या मूर्तींचे डोळे बाबा काढायचे. डोळे सगळ्यात शेवटी काढतात आणि ते काम कोणाच्याही हातात देत नाहीत. डोळे झाले की बाबा ब्रश खाली ठेवून हात जोडायचे आणि मूर्तीचं तोंड धुतलेल्या रुमालाने झाकायचे. मूर्ती ज्याच्या घरी जायची त्याच्या पाटावर बसेपर्यंत ते तोंड झाकलेलंच राहायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्या रुमालावरच अडलं.

कारखान्याचं नवं कॅन्टीन झालं तेव्हा तिथे शेठचं मोठं चित्र लावायचं ठरलं. मॅनेजर साहेब शहरातून कोणी नावाजलेला चित्रकार आणणार होते. शेठ म्हणाले, आपल्याकडे माणूस असताना बाहेरून कशाला? मग बाबा तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत शेठच्या केबिनमध्ये जाऊन बसले. शेठ फायली वाचत होते आणि बाबा त्यांचा चेहरा कागदावर उतरवत होते. चित्र पुरं झाल्यावर मॅनेजर साहेबांनी नाक मुरडलं. डोळे लहानमोठे झालेत, सारखे करून घ्या, म्हणाले. शेठ आरशापाशी गेले, स्वतःला बघितलं, परत येऊन चित्र बघितलं आणि हसून म्हणाले, "राहू दे. माझेच आहेत."

ही गोष्ट बाबांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. पाहुणे आले की आई आधीच म्हणायची, "आता डोळा येईल बघा." आणि यायचा.

शेठ माणूस कसा होता, हा प्रश्न चाळीत रोज निघायचा आणि रोज त्याचं वेगळं उत्तर यायचं. आमच्या भिंतीपलीकडे एक मावशी राहायच्या. त्यांचे यजमान फाउंड्रीत होते. क्रेनची साखळी तुटून ओतीव लोखंडाचा तुकडा अंगावर पडला आणि ते जागच्या जागी गेले. साखळी झिजली आहे, बदला, असं कामगारांनी आधी लिहून दिलं होतं. ती बदलली नव्हती. मग शेठ स्वतः टेकडी चढून चाळीत आले, चपला दाराबाहेर काढल्या, मावशींच्या समोर फरशीवर बसले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. आठवड्याच्या आत मावशी कॅन्टीनमध्ये कामाला लागल्या.

आता यातलं खरं काय? दोन्ही खरं. पण चाळीत कोणी दोन्ही एका दमात सांगायचं नाही. नळावर बायका खुशीत असल्या की शेठ फरशीवर बसले ती गोष्ट निघायची. कारखान्यात काही बिनसलं की साखळीची निघायची. एक गोष्ट ऐकली की शेठ देवमाणूस, दुसरी ऐकली की कसाई. मावशी स्वतः यातलं काहीच बोलायच्या नाहीत. रोज सकाळी जायच्या आणि भिंतीवरच्या शेठच्या खाली बसून चपात्या लाटायच्या.

मी सातवीत असताना फाउंड्रीत पुन्हा साखळी तुटली. या वेळी माणूस वाचला, पण त्याचा पाय गेला. कामगारांनी काम बंद केलं आणि मशिनींशेजारी बसून राहिले. दोन दिवस शेठनी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी गेटला कुलूप आणि कुलपाखाली टाळेबंदीची नोटीस.

सुरुवातीला आम्हा मुलांना मजाच वाटली. बाबा दिवसभर घरी, गेटसमोर ताडपत्रीचा मंडप, तिथे भाषणं, चहा, घोषणा. मग हळूहळू मजा संपली. चाळीतल्या बायका मुलुंडला घरकामाला जायला लागल्या. आमच्याकडे भाताबरोबर आमटी असायची ती पातळ होत होत नुसतं कुळथाचं पाणी झाली. आता चाळीत शेठची एकच गोष्ट चालायची, साखळीची. फरशीवर बसल्याची गोष्ट कोणी काढली की बाकीचे त्याच्याकडे असे बघायचे की तो गप्प व्हायचा.

एका रविवारी दुपारी कामगारांच्या कमिटीचे सेक्रेटरी आमच्या दारात आले. हे बाबांच्या गावचे, बाबांबरोबर वाढलेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. हातात एक मोठं मडकं होतं. गेटवर शेठचा पुतळा जाळायचं ठरलं होतं. अंगाला पांढरा शर्ट-पँट आणि आत तबेल्यातून आणलेलं गवत, ती तयारी झाली होती. डोकं राहिलं होतं.

"दुसरा कोणीतरी बघ ना," बाबा म्हणाले.

"दुसरो खंयसून आणू? तेचां तोंड तुज्याशिवाय कोणाक येता?" काकांनी मडकं आमच्या ओट्यावर ठेवलं. "दात मोठे काढ. ओठांर रगात दाखव. आणि नाय म्हटलंस तर लोक काय म्हणतले, तो इचार कर."

ते गेल्यावर बाबा मडक्याकडे बघत बसले. चहा गार झाला. शेवटी आईच म्हणाली, "काढा आणि मोकळे व्हा. मडकंच आहे ते. आपल्याला या सगळ्यांबरोबर राहायचंय."

मला मात्र भयंकर आनंद झाला होता. बाबा कित्येक दिवसांनी ब्रश हातात घेणार होते. मी मैद्याची खळ शिजवली, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून मडक्यावर थरावर थर चिकटवले. नाक बाबांनी कागदाच्या लगद्याचं केलं. वाळल्यावर पांढरा हात दिला, मग अंगाचा रंग. त्यांनी दात काढून बघितले. दोन सुळे काढले, मागे होऊन बघितलं आणि पुसले. ओठांवर लाल लावलं तर शेठनी पान खाल्ल्यासारखं दिसायला लागलं. मी हसले. बाबा नाही हसले. त्यांनी तेही पुसलं.

"काकांनी दात सांगितलेत," मी आठवण करून दिली.

"त्यांना दात नाहीत तसे," बाबा म्हणाले. "मी बघितलंय ना तीन दिवस. नसलेले कुठून काढू?"

मग डोळे. मी दिवा धरावा तसा त्यांच्याजवळ रंगाचा डबा धरून उभी होते. उजवा डोळा काढला. डावा काढला, किंचित लहान. आणि मग त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात जोडले, दोरीवरचा धुतलेला रुमाल ओढला आणि मडक्याचं तोंड झाकलं. काहीही मनात नव्हतं त्यांच्या. इतक्या वर्षांची हाताची सवय, हात आपोआप गेला. आईने ते बघितलं आणि ती सांडशी शोधायला लागली, जी तिच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि चारपाच जण डोकं न्यायला आले. रुमालाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. रंग ओला असेल म्हणून झाकलंय, असं वाटलं असावं त्यांना. चाळीच्या अंगणात ते पुतळ्याच्या धडावर बसवलं आणि मिरवणूक निघाली. चाळीच्या तोंडाशी मावशी उभ्या होत्या. टाळेबंदीपासून त्याही घरीच होत्या. त्यांनी रुमालाने तोंड झाकलेलं ते डोकं माणसांच्या खांद्यांवरून येताना बघितलं, झटकन आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आल्या. गणपती घरी आणताना दारात करतात तसं त्यांनी पुतळा धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि भाकरीचा तुकडा त्या झाकलेल्या तोंडावरून ओवाळून टाकला.

टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. घोषणा थांबल्या. कोणीतरी खिदळलं, मग कोणीच हसेना. काकांनी पुढे होऊन रुमाल हिसकावला.

आत शेठ होते. सुळे नाहीत, रक्त नाही. फायलीतून मान वर करून तुमच्याकडे बघावं तसे बघत होते. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आयला, शेठच की रे." दोघातिघांनी माना खाली घातल्या. मी बाबांकडे बघितलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या इतकं ते हुबेहूब झालं होतं. बाबा रुमालाकडे बघत होते. तो रस्त्यावर पडला होता आणि त्यावरून माणसं पुढे चालली होती.

गेटवर पुतळा जाळला. गवताने भसकन पेट घेतला, कागद करपत गेला, डावा डोळा उजव्याच्या नंतर गेला. मडकं फुटलं तेव्हा मोठा आवाज झाला आणि लोकांनी घोषणा दिल्या, पण त्यात जोर नव्हता. पेटवायच्या आधीचा फोटो एका वर्तमानपत्रात आला. त्यात चेहरा अगदी स्पष्ट होता.

त्या दिवसापासून बाबांची वाट लागली. शेठचं तोंड पूजा करण्यासारखं काढलं, मावशींना आधी सांगून ठेवलं, मुद्दाम रुमाल टाकला, मालकाचा माणूस आहे. जे तोंडाला येईल ते लोक बोलत होते. मंडपात बाबा गेले की बोलणं थांबायचं. चहाचा ग्लास त्यांच्यापर्यंत यायचाच नाही. दरवर्षी चाळीच्या गणपतीची आरास बाबा करायचे, त्या वर्षी ती बाहेरच्या कोणाला तरी दिली. आणि हे सगळे आमचेच लोक, एकाच एसटीने गावाला जाणारे. काका आमच्या दारावरून जाताना छत्री उघडायचे, पाऊस नसला तरी. बाबा घरात बसून खिडकीच्या गजांना रंग देत राहायचे. तेच गज त्यांनी तीनदा रंगवले.

मावशींना मात्र कोणी काही बोललं नाही. त्यांना बोलायची कोणाची हिंमत नव्हती. मावशी एकदा आमच्याकडे आल्या, बाबांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, चुकलंच माझं." बाबा म्हणाले, "नाही हो. रुमाल माझा होता." आईने कोरा चहा केला.

आता मी काय केलं ते सांगते.

आमची शाळा शेठच्या ट्रस्टची होती. टाळेबंदीतही ती बंद झाली नाही. हीसुद्धा शेठची एक गोष्टच, पण ती तेव्हा कोणी सांगत नव्हतं. त्या वर्षी शाळेच्या चित्रकलेच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. मी आमची चाळ काढली होती, पायऱ्यांसकट. बक्षीस द्यायला दरवर्षीप्रमाणे शेठच येणार होते.

मी आदल्या दिवसापासून विचार करत होते. सातवीतल्या मुलीचा विचार, पण मला तो अगदी पक्का वाटत होता. चाळीने बाबांना शेठचा माणूस ठरवलं होतं. चाळ त्यांना आपलं म्हणत नव्हती. मग निदान ज्याचे ते माणूस, त्याला तरी हे कळायला नको का? आमच्या लोकांनी दात काढायला सांगितले आणि बाबांनी काढले नाहीत, हे शेठला कोण सांगणार होतं?

माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले. शेठ पांढऱ्या कपड्यांत होते, शेजारी मॅनेजर साहेब बक्षिसं हातात देत होते. शेठनी रंगपेटी माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "कोणाकडून शिकलीस?"

"बाबांकडून."

"काय करतात बाबा?"

"तुमच्याकडे पेंटर आहेत. कॅन्टीनमधलं तुमचं चित्र त्यांनीच काढलंय."

"अरे वा," शेठ म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. तो आनंद बघून मला आणखी जोर आला. तिथे थांबले असते, तर आज हे लिहायला बसले नसते.

"गेटवर जाळलं ना, ते तोंडपण त्यांनीच काढलं होतं," मी म्हणाले. "त्यांना दात काढायला सांगितले होते. त्यांनी नाही काढले. तुमचा डोळापण बरोबर काढला."

मॅनेजर साहेबांच्या हातातलं पुढचं बक्षीस तिथेच थांबलं. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी पहिल्यांदाच त्यांना एवढ्या जवळून बघत होते आणि मला बाबांचं कौतुक वाटलं, कारण डावा डोळा खरंच किंचित लहान होता. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "छान. शिकत राहा," म्हणाले आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं.

घरी येऊन मी रंगपेटी दाखवली. बाकीचं सांगितलं नाही. ते मी राखून ठेवलं होतं. मला वाटत होतं, एक दिवस शेठची गाडी टेकडीखाली थांबेल, शेठ वर येतील, आमच्या फरशीवर बसतील आणि सगळी चाळ दारात उभी राहून बघेल. रोज शाळेतून येताना मी खाली रस्त्यावर गाडी आहे का ते बघायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तडजोड झाली. नव्या साखळ्या येणार होत्या, कामगार चांगल्या वागणुकीच्या कागदावर सह्या करणार होते. गेट उघडणार त्या सकाळी बायकामुलंही खाली गेली होती. आईने बाबांचा खाकी शर्ट आदल्या दिवशी इस्त्री केला होता. टाइमकीपर गेटजवळ स्टुलावर उभा राहिला आणि ज्यांना आत घ्यायचं नाही त्यांची यादी वाचायला लागला. मारामारी केलेले दोघे, काचा फोडलेला एक. आणि मग बाबांचं नाव. गुन्हा, मालकांची विटंबना करणारी प्रतिकृती तयार करणे.

काकांचं नाव यादीत नव्हतं. मडकं आणणारे काका आत गेले. जाताना ते रडत होते, हे मी बघितलं, म्हणून सांगते. "मी बगतंय, मी बोलतंय सायबांशी," असं बाबांना म्हणत होते. त्यांनी बोलून बघितलंही असेल. थोड्या वेळाने वॉचमनने बाबांचा ब्रशांचा डबा गेटच्या फटीतून बाहेर दिला. बाबांनी झाकण उघडून ब्रश बघितले, पुन्हा लावलं आणि आम्ही तिघं टेकडी चढायला लागलो. काय झालंय ते मला पायऱ्या चढताना कळत गेलं. मी आईचा पदर धरला, एवढी मोठी घोडी असूनही.

पुढची सगळी वर्षं बाबांनी मुलुंड चेकनाक्यावर काढली. तिथे जकातीसाठी ट्रक तासन्‌तास उभे असायचे. बाबा डबा घेऊन फिरायचे आणि ट्रकांच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' रंगवायचे, कमळं काढायचे, मोर काढायचे. दिवसभर उन्हात आणि धुरात. खोकला लागला तो सुटलाच नाही. चेहरा मात्र त्यांनी पुन्हा कोणाचा काढला नाही. कोणी ट्रकवाला देवाचं चित्र मागायला लागला तर ते त्याला मोर घ्यायला लावायचे.

मीही चित्र काढणं बंद केलं. रंगपेटी माळ्यावर टाकली. बाबांनी एकदाच विचारलं, का गं? मी म्हणाले, बोअर होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आणि मी शेठना शिव्या द्यायला लागले. जेवताना, अभ्यास करताना, चेकनाक्यावरून बाबा खोकत आले की हमखास. रक्त पिणारा, नालायक, लहान मुलीला फसवून नाव काढून घेणारा. हे शेवटचं मी मनातच म्हणायचे. शेठ राक्षस होते याबद्दल मला काडीची शंका नव्हती. शंका परवडणारी नव्हती. शेठ जर बरे असते, त्या दिवशी ऐकून विसरून गेले असते आणि मॅनेजर साहेबांनी परस्पर नाव घातलं असतं, तर मग सगळ्यात मोठा वाटा कोणाचा उरत होता? ते मी स्वतःला कधी विचारलं नाही. शिव्या संपल्या की नव्या शोधायचे.

एक गोष्ट मला विचित्र वाटायची. चाळीतलं दुसरं कोणी शेठना नावं ठेवायला लागलं की बाबा उठून जायचे. कामावरून काढलं त्यांनी, तरी. पण मी बोलायला लागले की बसून राहायचे. भात कालवत, मान खाली घालून, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. आई चिडायची, "मुलीची जात, किती ती जीभ." बाबा म्हणायचे, "बोलू दे." मला वाटायचं, मनातून त्यांनाही तेच म्हणायचंय.

मी मुलुंडला कॉलेजात होते तेव्हा शेठ गेले. पेपरात पहिल्या पानावर फोटो, 'उद्योगमहर्षी', 'कामगारांचा कैवारी'. चाळीत साखळीची गोष्ट एका रात्रीत नाहीशी झाली आणि सगळीकडे फरशीची गोष्ट सुरू झाली. ज्यांनी पुतळा खांद्यावर घेतला होता ते डोळे पुसत होते. काका म्हणाले, "देवमाणूस गेलो." माझं डोकं असं फिरलं की मी दार आपटलं.

बाबांनी मात्र इस्त्रीचा शर्ट घातला. "कारखान्यात शोकसभा आहे. येतेस?" मला म्हणाले. मला जायचं नव्हतं. पण त्यांना एकट्याला त्या गेटमधून आत जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून गेले.

सभा कॅन्टीनमध्ये होती. भिंतीवरचं ते चित्र खाली काढून टेबलावर ठेवलं होतं, त्याला मोगऱ्याचा हार. हार डाव्या डोळ्यावर आला होता. रांग हळूहळू पुढे सरकत होती. मावशी आमच्या पुढे होत्या. त्यांनी फूल वाहिलं आणि त्या बाजूला झाल्या. बाबांची पाळी आली. त्यांनी हात जोडले, मग हाराची एक सर बोटाने थोडी वर सरकवली. डोळा दिसायला लागला.

बाहेर पडताना तो जुना टाइमकीपर भेटला. रिटायर झाला होता, थकला होता. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हीच ना ती? बक्षीस घेताना शेठला सांगणारी?" आणि पुन्हा बाबांना, "तुला त्या दिवशी म्हटलं होतं मी, पोराबाळांना आवरत जा म्हणून."

"चल, उशीर होतोय," बाबा म्हणाले. उशीर कसलाच होत नव्हता.

आम्ही आग्रा रोडने चालायला लागलो. ट्रक जात होते. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हूं."

"कधीपासून?"

"यादी वाचली त्याच दिवशी. तो स्टुलावरून उतरला आणि माझ्या कानात बोलला."

सात वर्षं. मी रोज त्यांच्या ताटासमोर बसून शेठना शिव्या देत होते आणि ते भात कालवत होते. "नाव शेठनीच घातलं का?" मी विचारलं. "की मॅनेजरने?"

"ठाऊक नाही. मी विचारायला गेलो नाही."

"मग मी एवढं बोलायचे, तुम्ही थांबवलं का नाही मला? तुम्हाला तर ते आवडायचे."

बाबांना खोकला आला. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी तो जाऊ दिला आणि रुमालाने तोंड पुसलं.

"शेठना शिव्यांची सवय होती गो बाय," ते म्हणाले. "त्या सगळ्या तू स्वतःला दिल्या असत्यास, तर तुला झेपल्या असत्या का?"

पलीकडे जायचं होतं, पण ट्रकांची रांग संपत नव्हती. जरा फट मिळाली तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं, पहिलीत शाळेत सोडायला यायचे तेव्हा धरायचे तसं, आणि आम्ही रस्ता ओलांडला.